वाघोबाचा पाला

"त्या बाईचं नाव त्या दगडावर लागायचं नाय," हिरीआजीने सांगितलं आणि बशीतला चहा फुंकून प्यायली. तिच्यापुरता विषय तिथे संपला होता.

भगीरथ गुरुजींना मात्र विषय संपवून चालणार नव्हतं. ते निवृत्त मुख्याध्यापक, स्मारक समितीचे अध्यक्ष, आणि दगड कोरणारा कारागीर तिकडे मुरबाडला हातावर हात ठेवून बसलेला. सिद्धगडाच्या पायथ्याला, वाडीच्या तोंडाशीच तो काळा दगड उभा राहायचा होता. बेचाळीसच्या चळवळीत इथल्या जंगलात लपलेल्या पोरांना ज्या बायकांनी भाकऱ्या पुरवल्या, त्यांची नावं त्यावर यायची होती. गडावरच्या हुतात्म्यांच्या मोठ्या स्मारकावर ज्यांची नावं आहेत ते वेगळे. ही पाच पोरं कुणाच्या पुस्तकात नाहीत. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आणि अजून नीट बोलू शकणारं एकच माणूस आता वाडीत उरलं होतं, ते म्हणजे नव्वदी कधीच मागे टाकलेली हिरीआजी.

आजीचा स्वभाव मूळचाच संशयी. दूध घालणारा, मत मागायला येणारा आणि गुडघ्याचं औषध देणारा डॉक्टर, तिघांकडे ती एकाच नजरेने बघायची. मागच्या वर्षी सत्काराची शाल मिळाली तेव्हा तिने व्यासपीठावरच ती उलगडून उजेडात धरली होती, कुठे विरलेली तर नाही ना म्हणून. आमदार शेजारी उभे होते. लोक हसले, आजी हसली नाही.

"आजी, सापगावचा शाम स्वतः येऊन गेला माझ्याकडे," गुरुजी पुन्हा सुरू झाले. त्याची आजी सावळी अजून आहे, शंभरीला टेकली आहे, तिनेही त्या दिवसांत काही केलं असं तो म्हणतो. काय केलं ते त्याला सांगता येत नाही, पण आजीचं नाव हवं म्हणतो. वाडीतल्या बायकांची बाकीची नावं हिरीआजीच्या शब्दावर घेतली, तशी हीही तिच्याच शब्दावर घ्यायची किंवा सोडायची.

"निवडणुकीला उभा राहतोय काय तो?"

"नाही हो. रिक्षा चालवतो तो."

"मग त्येला दगडाचं काय पडलंय? ह्यात कायतरी हाय. तू साधा हायस रे भगीरथ, लहानपनापासून साधा."

गुरुजी पासष्टीचे, पण आजीने त्यांचं नाक पुसलेलं, त्यामुळे त्यांचं अध्यक्षपद तिच्या अंगणात चालत नसे. त्यांनी हळूच विचारलं, नको तर नको, पण का नको ते तरी सांगा. आजी म्हणाली, ते अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. गुरुजी म्हणाले, वाडीला ऐकून ठाऊक आहे, पाहिलेलं कुणी नाही.

"मी पाह्यलंय. ह्या डोळ्यांनी."

"मग कार्यक्रमात तेवढं माइकवर सांगा. शामलाही कळू दे. एकदाचा विषय मिटेल."

यावर आजीने रिकामी बशी खाली ठेवली. गावभर पसरलेली ती गोष्ट तिने स्वतःच्या तोंडाने आयुष्यात फक्त एकदाच उच्चारली होती, तीही आपल्या बापापाशी. माइकवर सांगायचं म्हणजे सावळी जिवंत असताना तिच्या पाठीमागे सांगायचं. आजीला ते पटेना. शेवटी ती म्हणाली, "उद्या जाते सापगावला. तिच्या तोंडावर इचारते. माझ्याकडं बघून नाय म्हनू दे. मग तुला सांगते, दगडावर काय कोरायचं ते."

गोष्ट अशी होती.

त्या थंडीत पाच पोरं जंगलातल्या घळीत येऊन राहिली होती. ठिकठिकाणी तारा तोडल्या होत्या, पोलीस मागावर होते. वाडीतल्या जाणत्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, घळीकडच्या वाटेवर वाघ फिरतो अशी हूल उठवली आणि ती वाट बंद केली. गुरं नाहीत, मोळ्या नाहीत, माणूस नाही. दुसरी, भाकऱ्या पोचवायला बारा वर्षांची हिरी निवडली, कारण पाटीत गोवऱ्या घेऊन हिंडणाऱ्या पोरीकडे कोण बघतो. घरोघरच्या बायका भाकऱ्या थापायच्या, हिरीची आई त्या गोळा करायची, आणि कुठे जातात ते कुणी कुणाला विचारायचं नाही असं ठरलं होतं.

हिरी मोठी हुशार. बापाने शिकवलं तशी ती मातीवर पाऊल न उमटवता दगडादगडावरून जायची. रोज एकाच वेळेला जायची नाही. वाटेत कुणी दिसलं तर गोवऱ्या वेचत उलटी फिरायची. जिथे जंगल सुरू होतं तिथे वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. आत जाणारा प्रत्येकजण एक हिरवी डहाळी मोडून त्याला वाहायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचा. हिरीही वाहायची. वाघोबाला पाला न देता आत जाणं म्हणजे न विचारता कुणाच्या घरात शिरणं, आणि त्या वयात तिला पोलिसांपेक्षा वाघोबाची भीती जास्त होती.

घळीत दत्तू नावाचा एक पोरगा होता, कल्याणकडचा, मिसरूडही नीट न फुटलेला. भाकरी हातात आली की तो पहिला अर्धा तुकडा मोडून हिरीला द्यायचा. आणणाऱ्याने आधी खायचं, म्हणायचा. कोळशाने कातळावर त्याने तिला तिचं नाव काढून दाखवलं होतं. सगळ्या आयुष्यात हिरीला अक्षरं आली ती तेवढीच दोन.

एके दिवशी परत यायला तिला उशीर झाला. दिवस कलला होता. झाडीतून बघते तर वाघोबाच्या दगडाजवळ सावळी. वाडीत नुकतीच लग्न होऊन आलेली, सोळा-सतरा वर्षांची सून. बंद वाटेवर एकटीच वाकून बसलेली. तिने दगडाजवळ काहीतरी चाचपलं, पदरात घेतलं, चारी बाजूंना बघितलं आणि झपाझप निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत हिरी झाडीतच थांबली. तिने घरी येऊन बापाला सांगितलं, सावळी वाघोबापाशी खाणाखुणा ठेवते. बापाने पंचांना सांगितलं. पंचांनी सावळीच्या सासऱ्याला बजावलं, सुनेला घराबाहेर सोडायचं नाही. सासऱ्याने कडी लावली, आणि हिरीच्या भाकऱ्या चालूच राहिल्या.

पण उशीर झाला होता, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या सकाळी पोलीस जंगल शिपायाला पुढे घालून सरळ घळीवर गेले. दोघं निसटले, दोघं पकडले गेले. दत्तू पळताना गोळी लागून पडला.

सावळीच्या घराला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद. तिने कधी तोंड उघडलं नाही, आपल्या बाजूचा एक शब्द बोलली नाही, आणि तेच तिच्यावर शेकलं. निर्दोष असती तर बोलली नसती का, असं लोक म्हणत. पुढे तिची दोन मुलं एकामागोमाग गेली, तेव्हा फितुरीचं फळ मिळालं म्हणाले. मग ते कुटुंब वाडी सोडून खाली सापगावला, नदीकाठी गेलं, वीटभट्टीवर राबलं, तिथलंच झालं.

हिरीचं आयुष्य वेगळ्या वाटेने गेलं. स्वराज्य आलं, तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि कसल्याशा तिरमिरीत ती लोकांच्या भांडणात पडू लागली. जंगल शिपायाला फुकट कोंबडी द्यायची नाही, हे वाडीत पहिल्यांदा बोलली ती. पण मुलूखभर तिचं नाव झालं ते भुताळीच्या प्रकरणांमुळे. कुणाचं मूल दगावलं, कुणाची म्हैस आटली की भगत तांदूळ बघायचा आणि एखाद्या बाईकडे बोट दाखवायचा, ही भुताळी, हिनेच खाल्लं. मग त्या बाईला मारहाण, गावाबाहेर काढणं. हिरी अशा घरी जायची आणि उंबऱ्यावर मांडी ठोकून बसायची. वाडीतल्या बुधूच्या आईच्या वेळेला तर मांडीवर कोयता ठेवून दोन दिवस बसली होती. आलेल्या प्रत्येकाला तिचा एकच सवाल असायचा, "तू डोळ्यांनी पाह्यलास काय?" कुणीच पाहिलेलं नसायचं. बोंबलणारे लोक एकेक करून घरी जायचे. अशा कितीतरी बाया आज नातवंडांत बसल्या आहेत त्या तिच्यामुळे.

हा सवाल तिने स्वतःला मात्र कधी घातला नाही. तिला गरजच नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची नात कुणाली गाडी घेऊन आली. कुणाली भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नोकरीला, सुट्टी टाकून आली होती. गाडी ओळखीच्याची, पण किन्हवलीच्या पुढे आजीने दोनदा विचारलं की हा माणूस नेमका कुठल्या रस्त्याने नेतोय. मग तिची नजर कुणालीच्या मांडीवरच्या डब्यावर गेली.

"काय हाय त्यात?"

"लाडू. नाचणीचे."

"त्यांच्याकडं लाडू कशापायी?"

"आजे, रिकाम्या हातानं जातात का कुणाकडं?"

"मी पाव्हनी म्हनून नाय चाललेय," आजी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. वाटभर ती मनात एकच वाक्य घोळवत होती, वाघोबाजवळ काय करीत व्हतीस. नाही म्हणेल, रडेल, शपथ घेईल. कशालाही भुलायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं.

सापगावात घर सापडायला वेळ लागला नाही. नदीच्या अंगाला पत्र्याचं छप्पर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात फणस. सावळीची सून प्रेमा, शामची आई, साठीची विधवा, धुणं वाळत घालत होती. कुणालीने नाव सांगताच तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"हिरी म्हंजे वाडीची हिरी?" तिने विचारलं. "तुमी इकडं कशा?"

कुणालीने डबा पुढे केला. प्रेमाने तो घेतला नाही. ती आजीकडे बघून शांतपणे म्हणाली, "माझ्या मालकाला शाळेत फितुराचा पोर म्हनायचे. सापगावात आले तरी म्हनायचे. चौथीतच सुटली शाळा. तुमी आता कसली खातरी करायला आलात?"

आजी असल्या बोलण्याला बिचकणारी नव्हे. ती म्हणाली, मला तुझ्याशी काही नाही, तुझ्या सासूशी दोन शब्द बोलायचेत. प्रेमाने हातातलं लुगडं दोरीवर टाकलं. मग म्हणाली, बोला, पण ती आता ओळखत नाही कुणाला. मलाही नाही. मला ती तिची सासू समजते. आजीला वाटलं, बरी युक्ती आहे. सोयीपुरतं विसरणारे तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले होते.

पडवीतल्या बाजेवर सावळी बसली होती. केवढीशी झालेली. कातडी हाडांना चिकटलेली, केस कापूस झालेले, पण डोळे जागे. हिरीआजीने स्टूल ओढलं आणि अगदी समोर बसली. इतकी वर्षं जिचा चेहरा मनात धरून राग जपला, तो चेहरा ह्यात कुठेच सापडेना. तिला क्षणभर चुकल्यासारखं झालं, आणि त्याचाच राग येऊन तिने कसलीही प्रस्तावना न करता विचारून टाकलं.

"घळीच्या वाटेला, वाघोबाजवळ, तू तिन्हीसांजेची काय करीत व्हतीस?"

सावळीचा चेहरा एकदम मिटला. तिने पाय बाजेवर ओढून घेतले.

"तू कुनाची गो? कोनी धाडलं तुला?" तिने विचारलं. "शिपायानं काय?"

"शिपाई गेला मरून. मी इचारतेय."

"मी कुठं गेले नाय. मला वाट ठावं नाय. मी कायच पाह्यलं नाय," सावळी पाठ केल्यासारखं म्हणाली, आणि नजर दाराकडे वळवून जी गप्प बसली ती बसलीच. आजीने आणखी दोनदा विचारलं.

झालं. आजीला जे हवं होतं ते मिळालं होतं. खोटं बोलली, तोंडावर खोटं बोलली, ती तिथे होती हे मी पाहिलं असताना. तरी ह्या विजयाने तिला बरं काही वाटेना. गुडघे धरून ती उठू लागली, तशी कुणाली म्हणाली, थांब, गाडीवाला टपरीवर गेलाय, फोन करते. प्रेमाने एवढ्या वेळात निदान पाणी तरी आणलं. म्हातारी माणसं दारातून तशीच जाऊ नयेत, एवढंच म्हणाली.

गाडी येईपर्यंत ऊन नदीपलीकडे गेलं. प्रेमाने उठून पडवीचं दार ओढलं आणि वरची कडी लावली. कडीचा आवाज झाला आणि बाजेवरची सावळी ताठ झाली.

"सासूबाय," ती प्रेमाला म्हणाली, "कडी काढा."

प्रेमा अवघडून पाहुण्यांना सांगू लागली, रोजचंच आहे, दिवस कलला की उठते, पाला उचलायचा म्हणते. मागे एकदा पार हायवेला जाऊन पोचली होती, तेव्हापासून कडी लावतो. दुपारी अंगणातला पाला मुद्दाम तसाच ठेवते मी, तो उचलू देते, पण तेवढ्याने तिचं भागत नाही.

सावळी खाली उतरली होती. भिंतीला धरून ती दारापाशी आली आणि प्रेमाच्या पुढे हात जोडून उभी राहिली.

"दोन दिस झाले मला कोंडून. दोन दिसांचा पाला पडला आसंल तिथं. वाट बंद आन् देवाला ताजा पाला. शिपाई काय आंधळा हाय? सासूबाय, पाया पडते, जाऊन येऊ द्या."

हिरीआजी अर्धवट उठलेली तशीच थांबली. तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "कोन टाकतो गो पाला?"

ह्या वेळी सावळीने संशय घेतला नाही. बहुधा घाई होती म्हणून. "ती हिरी," ती म्हणाली. "येडी पोर. पाय वाजवत नाय, माग ठेवत नाय, आन् रोज वाघोबाला डहाळी वाह्यते. लहान हाय. मी रोज सांजचा उचलून टाकते. देव मला काय करंल ते करंल."

"तिला सांगायचं नाय का मग?"

"तिला सांगू नको. भिईल ती. जायची बंद व्हईल. मग ती आतली पोरं काय खातील?"

कुणालीला नीटसं कळलं नव्हतं, पण आजीचा हात आपल्या हातात घट्ट रुतलाय एवढं तिला कळत होतं.

आजीला विहीर आठवली. पाणी भरताना सावळी एकदा शेजारी येऊन सहज म्हणाल्यासारखी म्हणाली होती, वाघोबाला नुसते हात जोडले तरी पावतो गो, दर वेळी पाला कशाला. हिरीला तेव्हा प्रश्न पडला होता, मी तिकडे जाते हे हिला कसं कळलं? तेव्हापासून ती सावळीवर नजर ठेवून होती. म्हणून तर त्या संध्याकाळी ती दगडाजवळ दिसताच हिरी झाडीत दबून राहिली आणि बघत बसली. म्हणून बापाला सांगितलं. म्हणून कडी लागली. आणि ज्या दोन संध्याकाळी सावळी घरात कोंडलेली होती, त्या दोन दिवशीच्या डहाळ्या वाघोबापुढे तशाच पडून राहिल्या, हिरव्यागार, एकीवर एक. जंगल शिपाई ह्याच मातीतला माणूस. बंद वाटेवरच्या देवाला ताजा पाला दिसल्यावर त्याला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, ते सगळं खरं होतं. सावळी तिथे होती, वाकली होती, पदरात काहीतरी घेतलं होतं. ह्या डोळ्यांच्या भरवशावर हिरी जन्मभर लोकांना धारेवर धरत आली होती.

प्रेमा हळू आवाजात सांगत होती, "दोन पोरं गेली तिची, माझ्या मालकांच्या आधीची. देवापुढचा पाला उचलला म्हनून गेली, आसं एकदा बोलली व्हती. आमाला वाटलं, दुःखानं बोलतेय. कुठला पाला, काय पाला, कदी इचारलं नाय."

त्या मुलांच्या वेळी वाडीत लोक काय म्हणाले होते ते हिरीआजीला आठवलं, आणि ते ऐकून आपण मान डोलावली होती तेही आठवलं. पुढे भुताळी म्हटलेल्या बायांच्या उंबऱ्यावर ती बसली, पण ह्या घराच्या उंबऱ्यावर ती कधी बसली नव्हती. तिला लाज वाटली. अंगभर, सोलून काढावी अशी लाज वाटली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते येईना.

ती दाराशी गेली आणि कडी काढली. प्रेमा अडवायला पुढे झाली, मग थांबली. हिरीआजीने सावळीचा दंड धरला. दोघींपैकी कोण कुणाला सांभाळतंय ते कळत नव्हतं. पायरी उतरून त्या अंगणात आल्या. फणसाखाली पाला पडला होता. सावळी वाकली आणि झरझर तो वेचून पदरात भरू लागली, मध्ये मध्ये मान वर करून कुंपणाकडे बघत.

तेवढ्यात कुणालीचा फोन वाजला. भगीरथ गुरुजी होते. कारागीर उद्या सकाळी हत्यार धरणार, म्हणून आजच विचारत होते. कुणालीने फोन आजीच्या कानाला लावला.

"घाल नाव," आजी म्हणाली. "सावळीचं. पयलं घाल. माझं शेवटाला घाल, नायतर राहू दे."

पलीकडे गुरुजी गोंधळले. काल नाही म्हणालात, आज असं काय झालं, लोक विचारतील. आणि मग त्यांनी तेच विचारलं जे ह्या मुलखात इतकी वर्षं कुणी विचारायची तसदी घेतली नव्हती. सावळीने नाही, तर मग फितुरी केली कुणी?

"कोनीच नाय केली रे," आजी म्हणाली. फोनवर ती नेहमीच ओरडून बोलायची, तशीच बोलत होती. "एक पोर व्हती. ती रोज घळीत जाताना वाघोबाला..."

सावळीचा सुकलेला हात तिच्या तोंडावर आला. पदरातला पाला सांडला.

"हळू गो," सावळी कुजबुजली. डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. "पोर इथंच कुठंतरी आसंल. तिच्या कानावर जाईल."

तो हात बाजूला करणं हिरीआजीला जमलं नाही. पलीकडे गुरुजी हॅलो, हॅलो करत होते. थोड्या वेळाने तिने मान हलवली, नाय बोलत, अशी. हात खाली आला. तिने फोन कुणालीच्या हातात दिला.

"तू सांग त्येला," ती म्हणाली, अगदी बारीक आवाजात. "आत काय झालं ते सगळं सांग. आन् वाघोबाला पाला वाह्यलेला कुनी, बापाला सांगितलेलं कुनी, ते माझं नाव घेऊन सांग. पन इथं नको. लांब जा, तिकडं नदीकडं."

कुणाली फोन कानाला लावून नदीच्या बाजूला चालू लागली. आजी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि सांडलेला पाला सावळीच्या पदरात भरू लागली.